सोलापूर : एका पणजोबांचा शोध

सोलापूर हे मुद्दाम पाहायला जाण्याचे गाव आहे, असे सहसा कोणी म्हणत नाही. तुळजापूरला जाणारा तिथे उतरतो, अक्कलकोट-गाणगापूरला जाणारा तिथे गाडी बदलतो, पंढरपूरला जाणारा बसस्थानकावर घाईघाईने चहा घेतो. आणि परतताना ही सगळी मंडळी एकेक चादर, शेंगदाण्याच्या चटणीचा पुडा आणि कडक भाकरींची चळत घेऊन घरी येतात. चटणी आठ दिवसांत संपते, चादर पंधरा वर्षे टिकते, आणि सोलापूर मात्र दुसऱ्याच दिवशी विसरले जाते. ज्यांना आठवते त्यांना तिथले ऊन आठवते.

मी सोलापुरात नऊ दिवस राहिलो. ना देवदर्शनासाठी, ना चादरीसाठी. मी एका माणसाच्या शोधात होतो. तो माणूस जाऊन शंभर वर्षे होऊन गेली होती, त्याचा फोटो नव्हता, पत्ता नव्हता, आणि मुख्य म्हणजे नावही ठाऊक नव्हते. तो माझा पणजोबा होता.

त्याचे असे झाले. वडिलांच्या वर्षश्राद्धाला गुरुजी समोर बसले होते. श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घ्यायची असतात : पिता, पितामह, प्रपितामह. पहिली दोन नावे मी सांगितली. तिसऱ्याला अडलो. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहिले, तर तेही एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक वृद्ध काकू स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, "त्यांचं नाव घेत नाहीत आपल्यात." का घेत नाहीत, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. सासूबाई घेत नसत म्हणून त्या घेत नसत. गुरुजी अनुभवी होते. म्हणाले, "नाव ठाऊक नसेल तर नुसतं प्रपितामह म्हणा. शास्त्रात सोय आहे."

शास्त्रात सोय होती, पण माझ्या मनात नव्हती. माणूस चोर असो, दरोडेखोर असो, त्याचे नाव तरी राहते. उलट ते जास्तच राहते. मग या गृहस्थाने असे काय केले होते, की त्याच्याच नातवंडांनी त्याला पुसून टाकावे?

घरात जे ठाऊक होते ते एवढेच. आमचे घराणे विणकरांचे, जातीने साळी. मूळ गाव नगर जिल्ह्यात. मोठ्या दुष्काळात पणजोबा लहान वयात सोलापूरला आले आणि गिरणीत लागले. आजोबा 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, त्या धामधुमीत मुंबईला गेले, ते परत आले नाहीत. तेव्हापासून आमचा आणि सोलापूरचा संबंध चादरीपुरता उरला.

मोठा दुष्काळ म्हणजे 1876 ते 1878 चा. दख्खनच्या पठारावर पावसाने दगा दिला आणि सोलापूर, विजापूर, नगर, सातारा या भागांत माणसे घरे सोडून वाटेला लागली. सरकारने दुष्काळी कामे काढली. माढ्याकडचा आष्टीचा तलाव अशाच कामातून उभा राहिला. पण या कामांवर सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुराला दिवसाला 1 पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड, असे वेतन ठरले. एवढ्यावर दिवसभर खडी फोडता येत नाही, म्हणून हजारो मजुरांनी कामच सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. विणकराची स्थिती तर याहून वाईट. शेतकऱ्याच्या हाताला कुदळ परकी नसते. पण धोटा फेकणारे हात खडीवर काय चालणार? आणि पोटाला भाकर नसताना लुगडे कोण विकत घेणार? माग बंद पडला की विणकर सर्वांत आधी उपाशी.

अशा वेळी सोलापूरला येण्याचे कारण सोपे होते. 1860 मध्ये तिथे आगगाडी पोहोचली होती, आणि दुष्काळ ऐन भरात असताना, 1877 साली, तिथे सूत आणि कापडाची पहिली मोठी गिरणी सुरू झाली. शेठ मोरारजी गोकुळदासांची ही गिरणी. नंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या आल्या, म्हणून हिला 'जुनी गिरणी' असे नाव पडले. 1960 च्या दशकात ती बंद पडली. तिच्या आवाराभोवती फिरताना आज ध्यानात येते ते एवढेच की, इथे एक शहर दुसऱ्या शहराच्या पोटात होते. जुनी माणसे अजून वेळ सांगताना 'पहिल्या भोंग्याच्या आधी' असे म्हणतात. भोंगा थांबून साठ वर्षे होत आली, तरी कानात तो आहे.

या शहराचा एक विशेष तिथे चार दिवस राहिल्याशिवाय कळत नाही. इथे प्रत्येकजण कुठून तरी आलेला आहे. तेलंगणातून आलेले पद्मशाली घरात तेलुगू बोलतात, लिंगायत व्यापारी कानडी बोलतात, मोमीन विणकर उर्दू बोलतात, आणि बाजारात उतरले की सगळे मिळून जी बोलतात ती सोलापुरी मराठी. साळी, कोष्टी, पद्मशाली, कुरहीनशेट्टी, तोगटी : सूत एकच, आणि ते धरणारे हात किती जातींचे! पूर्व भागाच्या पेठांतून हिंडताना मागांचा खडखडाट अजून ऐकू येतो, फक्त आता तो बहुतेक यंत्रमागांचा असतो.

अशाच एका पेठेत मला पहिला धागा सापडला. गिरणीच्या साचेखात्यात आयुष्य काढलेले नव्वदीचे एक पद्मशाली गृहस्थ ओट्यावर बसले होते. मी आडनाव सांगितले, आजोबांचे नाव सांगितले. बराच वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे तुम्ही त्या पुस्तकवाल्याचे की ओ?"

"पुस्तकवाले म्हणजे, काका?"

"माझे वडील सांगत होते. साच्यावर काम करायचा, सुट्टीत कोपऱ्यात बसून पुस्तक वाचायचा. आधी मिशनात होता म्हणे. मास्तर होता तिकडं. मग सोडलं त्यानं."

मी सोलापुरात दुष्काळ शोधत होतो, गिरणी शोधत होतो. मिशन माझ्या ध्यानीमनीही नव्हते. काकांनी दोन वाक्यांत दोन गौप्ये फोडली. पणजोबा ख्रिस्ती झाले होते, आणि त्यांनी तो धर्म सोडलाही होता. घरात त्यांचे नाव का घेत नसत, याचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले. मुलींची लग्ने व्हायची होती. बाटलेल्या आजोबाची आठवण कोण ठेवणार?

मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. त्याचा इतिहास आपल्याकडे थोड्यांना ठाऊक असतो. 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबईला उतरले. 1831 मध्ये नगरला ठाणे झाले, आणि 1842 मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' निघाले. नगरचे हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना 1854 मध्ये दीक्षा देऊन पाळक नेमले, ते या मिशनचे पहिले एतद्देशीय पाळक. 1860 च्या दशकाच्या आरंभी मिशनचे काम सोलापुरात आले. दुष्काळात सापडलेल्या पोरक्या मुलांना मिशनच्या शाळांनी आसरा दिला. त्यांतली बरीच मुले पुढे ख्रिस्ती झाली, तेव्हा 'पोटासाठी बाटले' असे बोट दाखवायला गाव मोकळे होते. बोट दाखवणाऱ्यांच्या घरी त्या वर्षी चूल पेटत होती, एवढेच म्हणायचे.

ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजाला 'मंडळी' म्हणतात. अशा एका मंडळीच्या जुन्या वह्या मला पाहायला मिळाल्या. कुठल्या, ते सांगत नाही. ज्यांनी उघडून दाखवल्या त्यांना उगाच त्रास नको. पिवळी पडलेली पाने, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. एका पानावर दोन भावांची नोंद होती. आडनाव आमचे, गाव आमचे. थोरल्याचे नाव असलेला कोपरा नेमका गेला होता. पुढे हजेरी. थोरल्याच्या ओळीत काही वर्षे हजेरी आहे. मग 'गैरहजर', 'गैरहजर', 'गैरहजर'. मग रकाना कोरा. 'काढून टाकले' असे कुठे नाही, 'धर्म सोडला' असेही नाही. लिहिणाऱ्याला बहुधा आशा असावी, की हा पुढच्या रविवारी येईल.

धाकट्याची ओळ मात्र शेवटपर्यंत भरलेली होती. त्याचे नाव धरून मी पुढे निघालो, आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी एका बैठ्या घराच्या दारात उभा राहिलो.

दार उघडले ते नव्वदीला टेकलेल्या एका बाईंनी. पांढरे पातळ, जाड भिंगांचा चष्मा, पाठ ताठ. आयुष्यभर शाळेत शिकवल्याचे त्या उभ्या राहण्यावरूनच कळत होते. मी चाचरत कोण, कुठला ते सांगितले. त्यांनी क्षणभर बोटांवर काहीतरी मोजले.

"माझे आजोबा आणि तुझे पणजोबा सख्खे भाऊ. म्हणजे तुझे वडील माझ्या पिढीचे. मग मी तुझी आत्या लागले की रे! असा दारात काय उभा? आत ये."

साठी उलटून गेल्यावर मला नवी आत्या मिळाली. तिने आधी चहा दिला, मग हुग्गी दिली, आणि मग जे सांगितले ते मी जमेल तसे सांगतो.

दोघे भाऊ आईबरोबर नगरकडून चालत निघाले होते. थोरला चौदा-पंधरा वर्षांचा, धाकटा सात-आठ. बाप आधीच गेला होता. मजल दरमजल करीत असताना सोलापूर दोन दिवसांवर राहिले आणि आई वाटेवरच गेली. थोरल्याने धाकट्याला पाठीवर घेऊन गाव गाठले. दोघे मिशनच्या शाळेत राहिले, शिकले, बाप्तिस्मा घेतला. थोरला हुशार. त्याला लहान वर्गांवर मास्तर नेमले.

"मग सोडलं का त्यांनी?" मी विचारले.

"आईपायी," आत्या म्हणाली. "त्यांना एकच ध्यास होता. आम्ही दोघं तरलो म्हणतात, मग आमची आई कुठं आहे? तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं, तर तिचा दोष काय? ज्याला त्याला विचारायचे. कोणी काय उत्तर दिलं, मला ठाऊक नाही. पण त्यांचं समाधान झालं नाही एवढं खरं. एका रविवारी ते उपासनेला आले नाहीत. मग आलेच नाहीत. त्यांना कोणी घालवलं नाही, हे माझे आजोबा नेहमी सांगायचे. ते आपणहून गेले. आई जिथं असेल तिथं मी जाईन, म्हणाले. आमच्यात त्यांना 'मागे फिरलेले' म्हणायचे."

पुढे जातीच्या पंचांनी दंड घेऊन त्यांना पंक्तीला बसवले. त्यांचे लग्न झाले, गिरणीत काम मिळाले. धाकटा भाऊ ख्रिस्तीच राहिला आणि शिक्षक झाला. एकाच शहरात दोघे राहत होते, पण येणे-जाणे तुटले. जातीची अट होती, आणि मंडळीतही कुजबूज होती. "पण माझे आजोबा," आत्या म्हणाली, "संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की फाटकासमोरून एक फेरी मारायचे. त्या बाजूला त्यांचं काहीही काम नसायचं. दोघं एकमेकांना पाहायचे. बोलायचे नाहीत. अशी तीस वर्षं काढली."

मी बराच वेळ गप्प बसलो. ज्याने आईला एकटी सोडायची नाही म्हणून एवढे मोठे घर सोडले, त्या माणसाला आम्ही श्राद्धाच्या पंक्तीतून उठवले होते.

आता एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. त्या विणकर पोराचा प्रश्न त्याच सुमाराला सातासमुद्रापलीकडे गाजत होता. नगरच्या मिशनात रॉबर्ट ह्यूम नावाचे एक पाद्री होते. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम वेगळे, हे वेगळे. हे जन्माने मुंबईकर. 1886 मध्ये ते रजेवर अमेरिकेत गेले असता तिथल्या अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात बोलले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, त्यांना मृत्यूनंतर तरी संधी मिळेल अशी आशा बाळगायला जागा आहे, असा त्यांचा सूर होता. त्यावर अमेरिकेत मोठे वादळ उठले, आणि ह्यूमसाहेबांना हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही, यावर मिशनच्या चालकांत खल सुरू झाला. अखेर 1887 मध्ये त्यांना परवानगी मिळाली. आमच्या पणजोबांच्या कानावर यातले काही गेले होते की नाही, हे कळायला मार्ग नाही. पण ज्या देशातून धर्म आला, त्या देशातही या प्रश्नावर एकमत नव्हते, हे वाचून मला बरे वाटले.

हे सारे मी अमेरिकेतल्या पुतण्याला कळवले, तेव्हा त्याने आणखी एक दार उघडून दिले. वाडवडील शोधण्याच्या कामी जगात सर्वांत मोठे दप्तर कोणाचे असेल, तर ते मॉर्मन पंथाचे. 1830 मध्ये जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क प्रांतात हा पंथ स्थापन केला. छळ झाला, तेव्हा 1847 मध्ये ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग हे लोक बैलगाड्यांतून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात गेले. त्यांच्यातही हाच प्रश्न निघाला : आम्ही तरलो, आमच्या आधी गेलेल्यांचे काय? त्यांनी त्यावर सरळ तोड काढली. मेलेल्या पूर्वजाच्या नावाने जिवंत वंशजाने बाप्तिस्मा घ्यायचा. त्यासाठी आधी पूर्वजाचे नाव हवे. म्हणून 1894 मध्ये त्यांनी वंशावळीची संस्था काढली आणि जगभरची दप्तरे चित्रित करायला घेतली. डोंगराचा कातळ पोखरून केलेल्या कोठारात त्यांच्या फिती जपून ठेवल्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांनी टिपून नेल्या. या नावांचे ते काय करतात, यावर इतर धर्मांच्या लोकांनी आक्षेपही घेतले आहेत, आणि ते समजण्यासारखे आहेत.

हा पंथ आपल्याकडेही येऊन गेला. 1852 मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईला उतरला. त्याने पुण्याच्या छावणीत थोडे अनुयायी मिळवले, मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली, आणि 1855 मध्ये निघून गेला. मागे राहिलेल्यांची मंडळी लवकरच विरून गेली. मुंबईहून एलिझाबेथ झेवियर टेट ही बाई मात्र आपल्या शिपाई नवऱ्याच्या मागोमाग अमेरिकेला गेली. तान्ही मुलगी वाटेत दगावली, आणि 1856 च्या हिवाळ्यात तिने हातगाड्या ओढीत जाणाऱ्या तांड्याबरोबर बर्फातून वाट काढली. त्या एका तांड्यातली साठाहून अधिक माणसे वाटेवर मेली. नगर-सोलापूरच्या वाटेवर धुळीत गेलेली एक आई, आणि तिकडे बर्फात गेलेल्या कित्येक.

पण मॉर्मन घराण्यांतही आमच्या पणजोबांसारखे होतेच. एवढे कष्ट काढून खोऱ्यात पोहोचलेल्यांपैकी कित्येकांनी पुढे पंथ सोडला. विल्यम गॉडबी या व्यापाऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी 1869 मध्ये ब्रिगहॅम यंगच्या एकतंत्री कारभाराला विरोध केला, तेव्हा त्यांना बाहेर काढले. त्यांनी वर्तमानपत्र काढले. ते 'सॉल्ट लेक ट्रिब्यून' आजही निघते. आज तिकडचे वंशज अशा सोडून गेलेल्या खापरपणजोबांचा शोध घेत असतात. पुतण्या म्हणाला, "काका, जे राहिले त्यांचा कागद सापडतो. गेलेल्यांचा सापडत नाही."

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? सोडणेही एका प्रकारचे नसते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये घरचा धर्म सोडला आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्त सोडला नाही. 'देवाचा दरबार' काढून त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. आणि खुद्द सोलापूरचे ग्रामदैवत? आत्याच्या घरून निघालो तो मी सिद्धेश्वरांच्या तळ्यावर गेलो. बाराव्या शतकात सिद्धरामांनी हे तळे खणवले, गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापली. मग अल्लमप्रभू आले. देव दगडात कशाला शोधतोस, तळी आणि देवळे बांधण्यात कशाला गुंततोस, असा त्यांचा प्रश्न. परंपरा सांगते की सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, बसवण्णांच्या शरणांत गेले, आणि देवळातल्या स्थावर लिंगाचा मार्ग सोडून त्यांनी अंगावरचे इष्टलिंग पत्करले. ज्याने देवळे बांधली त्यानेच देवळांचा मार्ग सोडला. तरी सोलापूर दरवर्षी संक्रांतीला नंदीध्वज खांद्यावर घेऊन त्याच अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालते. गावाने त्यांचे बांधणेही ठेवले आणि सोडणेही ठेवले. एवढे मोठे मन घराण्यांना का होत नाही, कोण जाणे.

निघण्याच्या आदल्या दिवशी आत्याने पेटीतून तिच्या आजोबांचे बायबल काढले. पहिल्या कोऱ्या पानावर आठ-दहा ओळी होत्या, पण मोडीत. शाळांतून मोडी गेली आणि आपल्याच आजोबांची अक्षरे आपल्याला चिनी झाली. "आजोबांनी सांगितलं होतं, हे थोरल्यांच्या हातचं आहे," आत्या म्हणाली. "काय लिहिलंय, ते मला कधी वाचता आलं नाही." मी त्या पानाचा फोटो घेतला आणि पंढरपूरची बस पकडली.

पंढरपूरला जायचे कारण असे की, तिथल्या तीर्थोपाध्यांकडे गावोगावच्या यात्रेकरूंच्या नामावळ्या असतात. गाव सांगावे, आडनाव सांगावे, की लाल फडक्यातून वही निघते. आलेल्या प्रत्येकाने बापाचे, आजाचे, भावांचे नाव लिहून दिलेले असते. आमच्या गावच्या उपाध्यांचे घर शोधायला अर्धा दिवस गेला. वृद्ध उपाध्ये चष्मा पुसत पाने उलटू लागले, आणि एका पानावर थांबले.

"हे बघा तुमचे. हे खापरपणजोबा. त्यांचे दोन मुलगे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पण इथं दोघांपुढे 'निर्वंश' लिहिलंय. गावाकडच्या भावकीनं लिहून दिलेलं दिसतं."

त्या दोन मुलांपैकी थोरल्याचा पणतू मी, त्यांच्यासमोर सतरंजीवर बसून ताक पीत होतो. दोघेही हसलो. मग मी फोनवरचा फोटो पुढे केला. उपाध्यांना मोडी घरच्यासारखी. ते एकेक अक्षर लावीत वाचू लागले. आधी आईचे नाव. मग, 'दुष्काळात वाटेवर गेली.' मग दोघा भावांची नावे. आणि थोरल्याचे नाव वहीतल्या नावाशी तंतोतंत जुळले. माझ्या श्राद्धातले तिसरे नाव मला मिळाले. ते मी इथे छापत नाही. दोन धर्मांतली दोन घरे आता त्या नावाची धनी आहेत, आणि एकालाच विचारून चालणार नाही.

शेवटची ओळ उपाध्यांनी दोनदा वाचली. "'ती कोठे आहे ते देवास ठावे. आम्ही तिचे आहो.' असं लिहिलंय."

'निर्वंश' या शब्दाखाली मी आमच्या घराची नावे लिहून दिली. मग विचारले, "धाकट्यांचे वंशज ख्रिस्ती आहेत. त्यांची नावे लिहिता येतील?" उपाध्ये थोडा वेळ थांबले. "घराणं तेच ना?" ते म्हणाले. "त्यांची हरकत नसेल तर लिहा." मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "लिही की. पण आधी त्या दोघांच्या आईचं नाव लिही." पुरुषांच्या त्या वहीत बाईच्या नावाला रकाना नव्हता. उपाध्यांनी समासात जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला परत येऊन मी आत्याला ते पान वाचून दाखवले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पेन माझ्या हाती दिले. "खाली बाळबोधीत लिहून ठेव. नातवंडांना मोडी यायची नाही. आणि अक्षर नीट काढ." मी तिच्यासमोर टेबलाशी बसून शाळकरी पोरासारखे एकेक अक्षर काढले. लिहून झाल्यावर तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते तपासले, एका ठिकाणी राहिलेली वेलांटी दाखवली, आणि ती दिल्यावर बायबल मिटून पेटीत ठेवले.

गाडी रात्रीची होती. आत्याने बरोबर चटणी दिली आहे, ती अजून संपलेली नाही.